एकवीस दिवसांची बाटली



'रक्तपेढी' हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की तो कुठून आला हा विचार सहसा मनात येत नाही. 'पेढी' म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना सराफ्यातली गादी, भिंतीतली तिजोरी आणि लाल कापडात बांधलेल्या चोपड्या आठवतात. गंमत अशी की मूळ इंग्रजी 'ब्लड बँक' हे नाव ठेवणाऱ्याच्या मनातही हिशेबच होता. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी मार्च १९३७ मध्ये साठवलेल्या रक्ताचा विभाग सुरू केला. ज्याने रक्त भरले त्याच्या खात्यावर जमा आणि ज्याने उचलले त्याच्या नावे, असा तो कारभार होता. त्याला बँक म्हणणे फँटसना सोयीचे वाटले, आणि जगाने तो शब्द उचलला.

पण या पेढीचा एक नियम सराफ्यातल्या कोणत्याही पेढीहून वेगळा आहे. इथल्या ठेवीवर व्याज मिळत नाही. ठेव ठेवल्या क्षणापासून मुद्दलच झिजू लागते. ते किती झिजते, कशाने झिजते, आणि किती झिजेपर्यंत वापरायचे, हे ठरवण्यात शंभर वर्षे गेली. आजचे व्याख्यान त्या झिजेच्या इतिहासावर आहे.

माझी उभी नोकरी रक्तपेढीत गेली. रुजू झाले तेव्हा काचेच्या बाटल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीवर एकविसाव्या दिवसाची तारीख लिहिलेली असे. होळकरशाहीपासून या शहरात नांदणाऱ्या एका घरातले काका एका संध्याकाळी दोन धडधाकट पुतण्यांना घेऊन आमच्या खिडकीशी आले. दुसऱ्या दिवशी काकूंची शस्त्रक्रिया होती. काका म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ते फ्रिजमधलं शिळं रक्त आम्हाला नको. ही घरची पोरं आहेत. यांचं आत्ता काढा आणि उद्या सकाळी तेच द्या." मी तेव्हा तरुण होते. मी त्यांच्यापुढे नियमावली धरली. पुढे मला अनेकदा वाटले की काकांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर त्या नियमावलीत नव्हते. चतुर्थीच्या मोदकापासून रोजच्या पोळीपर्यंत आपण ताज्या-शिळ्याचा विचार करतो. मग रक्तालाच तो का लावू नये?

साठवणीच्या आधीचा काळ थोडक्यात सांगते. १६६७ मध्ये पॅरिसमध्ये जाँ-बाप्तिस्त देनी यांनी कोकराचे रक्त माणसाला दिले. एक रुग्ण दगावला, खटला झाला, आणि हा उद्योग दीडशे वर्षे बंद पडला. लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी बाळंतपणात रक्तस्राव होऊन डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया पाहिल्या होत्या. त्यांनी १८१८ पासून माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयत्न केले. काही जमले, काही फसले. का जमले आणि का फसले, ते १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधल्यावर समजू लागले. तरी एक अडचण उरलीच. शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांत साकळते, म्हणून देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी निजवावे लागत. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला एका नवजात मुलीला वाचवण्यासाठी अलेक्सी कॅरेल यांनी तिच्या वडिलांची धमनी तिच्या पायातल्या शिरेला शिवून टाकली. मूल वाचले. काकांना हवे होते तसे 'घरचे आणि ताजे' रक्त याहून जास्त शब्दशः कोणी दिले नसेल! पण बापाची धमनी कापून टाके घालायची ही रीत रोजच्या वापराची नव्हती.

पुढचे पाऊल सायट्रेटने पडले. रक्त साकळायला कॅल्शियम लागते, आणि सोडियम सायट्रेट त्या कॅल्शियमला धरून ठेवते. ब्रसेल्सचे आल्बेर ह्युस्टिन आणि ब्युनॉस आयर्सचे लुईस आगोते यांनी १९१४ मध्ये वेगवेगळे प्रयोग करून ही युक्ती माणसावर वापरली. सायट्रेट जास्त झाले तर विष आणि कमी झाले तर निरुपयोगी. त्याचे नेमके प्रमाण १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुइसन यांनी ठरवले. आता रक्त बाटलीत घेऊन दुसऱ्या खोलीत नेता येऊ लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत नेता येईल का, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला.

त्याचे उत्तर रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या पेटन राउस आणि जे. आर. टर्नर यांनी १९१६ मध्ये दिले. त्यांनी सायट्रेटमध्ये साखर, म्हणजे ग्लुकोज, घातले. आपल्या घरात साखर घालून टिकवण्याचा पदार्थ म्हणजे मुरांबा. तिथे साखर जंतूंना जगू देत नाही म्हणून फोडी टिकतात. इथला प्रकार उलटा आहे. बाटलीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना खायला लागते. ग्लुकोज हा त्यांचा शिधा. शिधा मिळाला की त्या आठवडेच्या आठवडे फुटत नाहीत, असे राउस-टर्नर यांना दिसले. त्यांनी सशांचे रक्त काढून जागी साठवलेल्या पेशी भरल्या. दोन आठवडे ठेवलेल्या पेशी सशाच्या अंगात व्यवस्थित काम करत राहिल्या. त्याहून जास्त दिवस ठेवलेल्या पेशी मात्र दिसायला धड असूनही शरीरात गेल्यावर लवकरच रक्तप्रवाहातून नाहीशा झाल्या. साऱ्या पुढच्या इतिहासाचे बीज या एका निरीक्षणात आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. बाटलीत पेशी शाबूत दिसणे आणि शरीरात ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राउसना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, पण कोंबड्यांच्या कर्करोगाच्या विषाणूसाठी. तेही १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. रक्ताच्या कामासाठी त्यांचे नाव रक्तपेढीतल्या माणसांखेरीज फारसे कोणी घेत नाही.

या ज्ञानाचा पहिला उपयोग रणांगणावर झाला. ऑस्वाल्ड होप रॉबर्टसन हा तरुण डॉक्टर राउसच्या प्रयोगशाळेत काम केलेला होता. १९१७ मध्ये अमेरिकी वैद्यकीय तुकडीबरोबर तो फ्रान्सला गेला आणि ब्रिटिश सैन्याच्या आघाडीजवळच्या केंद्रात काम करू लागला. दारूगोळ्याच्या दोन पेट्या एकात एक बसवून, मध्ये भुसा भरून त्याने बर्फपेटी केली. सर्वांना चालेल अशा, म्हणजे आजच्या भाषेत 'ओ' गटाच्या दात्यांचे रक्त सायट्रेट-ग्लुकोजमध्ये घेऊन त्या पेटीत ठेवले. नोव्हेंबर १९१७ च्या कांब्रेच्या लढाईत ते रक्त धक्क्याने निपचित पडलेल्या जखमींना दिले गेले. २६ दिवसांपर्यंत साठवलेले रक्त वापरल्याची नोंद त्याने पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. एक दोष होता: राउस-टर्नर यांच्या कृतीत तीन भाग रक्ताला दोन भाग सायट्रेट आणि पाच भाग ग्लुकोजचे पाणी लागे. म्हणजे बाटलीत रक्तापेक्षा पाणी जास्त. पेशी तळाशी बसल्या की वरचे पाणी काढून टाकण्याचा खटाटोप करावा लागे. युद्ध संपल्यावर रुग्णालयांनी ही रीत जवळजवळ सोडूनच दिली, आणि रॉबर्टसनही पेकिंगला शिकवायला निघून गेला.

मधली वीस वर्षे मी भराभर ओलांडते. मॉस्कोचे शल्यचिकित्सक सर्गेई युदिन यांनी १९३० मध्ये अकस्मात मेलेल्या माणसाचे रक्त जिवंत माणसाला देऊन वाचवले, आणि सोव्हिएत रशियात साठवलेल्या रक्ताची केंद्रे उभी राहिली. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाला फेदेरिको दुरान-जोर्दा यांनी आणि माद्रिदला कॅनडाच्या नॉर्मन बेथ्यून यांनी रक्ताच्या बाटल्या आघाडीवर पोचवण्याची सेवा चालवली. १९३९ मध्ये पराभवानंतर दुरान-जोर्दा इंग्लंडला आले तेव्हा त्यांचा अनुभव जिच्या कामी आला, त्या डॉक्टरीणबाईंपाशी मात्र थोडे थांबायला हवे. साहित्यसभेच्या व्यासपीठावर तर नक्कीच.

त्यांचे नाव जॅनेट वॉन. विशीत असताना त्या पांडुरोगाच्या एका घातक प्रकारावर कच्च्या यकृताचा अर्क करून पाहत होत्या. त्यासाठी त्यांनी मैत्रिणींकडून किमा करण्याची यंत्रे उसनी आणली, आणि त्यांतले एक व्हर्जिनिया वुल्फ यांच्याकडचे होते. 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकात प्रयोगशाळेत यकृत चिरणाऱ्या दोन स्त्रियांचा उल्लेख येतो, त्याचे मूळ हे. दुसरे महायुद्ध येणार हे दिसू लागताच याच वॉनबाईंनी लंडनभोवती चार रक्तकेंद्रांची योजना आखून घेतली. बाटली दुधाच्या बाटलीच्या घाटाची होती आणि रक्त पोचवायला आइसक्रीमच्या गाड्या वापरल्या गेल्या. मला या तपशिलाचे कौतुक वाटते, कारण घरात थंड काय काय फिरते हे ठाऊक असलेल्या बाईलाच ते सुचावे.

या चारपैकी सटनच्या केंद्रात जॉन लूटिट आणि पॅट्रिक मॉलिसन काम करत होते. त्यांच्यापुढची अडचण आपल्या कोणत्याही गृहिणीला समजेल. साखर आणि सायट्रेट एकत्र करून निर्जंतुक करण्यासाठी तापवले की साखर करपून द्रावण तपकिरी होई. म्हणून दोन्ही वेगवेगळी तापवून मग मिसळावी लागत, आणि मिसळताना जंतू शिरत. लूटिट-मॉलिसन यांनी सायट्रेट आम्लधर्मी केले. आम्लात साखर करपत नाही! आता द्रावण बाटलीत भरून, बूच लावून एकदाच तापवता येई आणि दात्याच्या हाताशी बंद बाटली नेता येई. शिवाय द्रावण थोडेच लागे. करपू नये म्हणून घातलेल्या या आम्लाचा आणखी एक फायदा निघाला: पेशी पूर्वीपेक्षा जास्त टिकू लागल्या. १९४३ मध्ये हे काम छापून आले. आम्ल, सायट्रेट आणि डेक्स्ट्रोज यांच्या आद्याक्षरांवरून त्याला एसीडी म्हणतात. आमच्या काचेच्या बाटलीतले ते द्रावण हेच आणि तिच्यावरचे एकवीस दिवसही यातूनच आलेले.

अमेरिकेत त्याच काळात हे गणित सोडवणाऱ्यांपैकी एक होते सॅम्युएल मित्या रापोपोर्ट. व्हिएन्नात वाढलेले ज्यू आणि विचाराने साम्यवादी असे हे तरुण १९३७ मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात आले होते. साठवलेल्या रक्तात आत काय काय बदलते याचा त्यांनी हिशेब मांडला, आणि आठवडाभर टिकणारे रक्त तीन आठवड्यांवर नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडून त्यांना गौरवपत्र मिळाले. थोड्याच वर्षांत साम्यवाद्यांचा शोध सुरू झाला आणि त्याच देशात राहणे त्यांना अशक्य झाले. १९५० मध्ये ते व्हिएन्नाला परतले, तिथे विद्यापीठात जागा मिळेना, शेवटी पूर्व बर्लिनला गेले आणि तिथले नामवंत जीवरसायनतज्ज्ञ झाले. त्यांच्या पत्नी इंगेबोर्ग बालरोगतज्ज्ञ. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध हॅम्बुर्गमध्ये १९३८ साली तयार होता. पण आई ज्यू म्हणून नाझी राजवटीने परीक्षा नाकारली. ती तोंडी परीक्षा २०१५ मध्ये झाली आणि वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांना पदवी मिळाली. हे विषयांतर आहे खरे. पण 'टिकणे' या विषयावर बोलताना ही दोन माणसे वगळणे मला जमले नाही.

आता बाटलीच्या आत जाऊ.

तांबडी पेशी हा फार विलक्षण प्राणी आहे. तिला केंद्रक नाही, आणि ऊर्जेसाठी प्राणवायू जाळण्याची यंत्रणाही नाही. ती आयुष्यभर प्राणवायू वाहते, पण त्यातला कणही आपल्या पोटासाठी वापरत नाही; मनिऑर्डर वाटणारा पोस्टमन त्यातला रुपया खर्चत नाही तसे. ग्लुकोज मोडून त्यातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ती जगते. ही ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात असते. ग्लुकोजचा एक रेणू मोडला की लॅक्टिक आम्लाचे दोन तयार होतात. शरीरात ते आम्ल वाहून जाते. बाटलीत ते कुठे जाणार? ते साचते, रक्त दिवसेंदिवस आंबट होते, आणि त्या आंबटपणाने ग्लुकोज मोडणारी यंत्रणाच मंदावते. शिधा शिल्लक असून चूल पेटत नाही. एटीपी उतरू लागतो.

थंडीमुळे हे सारे सावकाश होते, म्हणून तर रक्त ४ अंशांच्या आसपास ठेवतात. पण थंडीचीही किंमत आहे. पेशीच्या पातळ भिंतीवर एक पंप असतो; तो सोडियम बाहेर काढतो आणि पोटॅशियम आत ओढतो. थंडीत तो पंप गारठून जवळजवळ बंद पडतो आणि पोटॅशियम झिरपून बाहेर येते. न्यूयॉर्कला जॉन स्कडर, चार्ल्स ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्येच ही वाढ मोजून दाखवली होती. आपल्या रक्तद्रवात पोटॅशियम लिटरला ४-५ मिलिमोल असते. ४२ दिवसांच्या आजच्या पिशवीत पेशींबाहेरच्या पाण्यात ते ५० च्या आसपास जाते. आकडा भयंकर वाटतो. पण पिशवीत ते पाणीच थोडे असते; सगळे पोटॅशियम मिळून एका केळ्यातल्यापेक्षा कमी भरते. मोठ्या माणसाला सावकाश दिलेल्या एका पिशवीने काही बिघडत नाही. नवजात बाळाचे सगळे रक्त बदलायचे असेल, किंवा अपघातात दहा-वीस पिशव्या धडाधड द्यायच्या असतील, तर मात्र तेच पोटॅशियम हृदय थांबवू शकते. म्हणून अशा बाळासाठी आम्ही नेहमी चार-पाच दिवसांच्या आतले रक्त शोधत असू. तिथे काका पूर्ण बरोबर होते.

पेशीचा आकारही बदलतो. खोलगट चकतीला आधी काटे फुटतात, मग ती गोळ्यासारखी होते आणि भिंतीचे बारीक तुकडे गळून पडतात. गोळा झालेली पेशी केशवाहिन्यांतून वाकून जाऊ शकत नाही. प्लीहा तिला अडवते आणि गिळून टाकते. राउस-टर्नर यांच्या सशांतल्या धडधाकट दिसणाऱ्या पेशी कुठे जात होत्या, ते इथे कळते.

सगळ्यात मजेचा भाग पुढेच आहे. १९५४ मध्ये ग्लासगोच्या वाल्टिस आणि केनेडी यांनी दाखवले की साठवलेले रक्त प्राणवायू घेते, पण सोडायला नाखूश असते. का, ते कोणालाच सांगता येईना. तांबड्या पेशीत डायफॉस्फोग्लिसरेट, थोडक्यात डीपीजी, नावाचा फॉस्फेटयुक्त पदार्थ भरपूर असतो हे १९२५ पासून ठाऊक होते. तो कसा बनतो आणि मोडतो ती वाट रापोपोर्ट यांनीच सहकारी ल्यूबरिंग यांच्यासह १९५० मध्ये दाखवली होती. पण तो कशासाठी असतो याचे कोडे सुटत नव्हते. १९६७ मध्ये रेनहोल्ड आणि रूथ बेनेश या दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे चॅनुटिन व कर्निश यांनी, उत्तर दिले: हीमोग्लोबिनची प्राणवायूवरची मूठ सैल करणारा पदार्थ तो हाच. बाटलीतले रक्त आंबट होऊ लागले की सर्वांत आधी बळी जातो या डीपीजीचा. दोन आठवड्यांत तो जवळजवळ संपतो.

म्हणजे पाहा. ज्या आम्लामुळे साखर करपली नाही आणि पेशी एकवीस दिवस जगल्या, त्याच आम्लाने त्यांचे मुख्य काम लुळे केले होते. तेवीस-चोवीस वर्षे जगभर लाखो बाटल्या दिल्या गेल्या आणि हे कोणाला माहीत नव्हते. बातमी ऐकून त्या काळच्या डॉक्टरांच्या पोटात गोळा आला असणार. पण १९६९ मध्ये बॉयटलर आणि वूड, तसेच व्हॅलेरी आणि हर्श, यांनी दिलासा दिला. शरीराच्या उबेत गेल्यावर पेशी डीपीजी पुन्हा तयार करते. दिवसभरात निम्मा आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळा. ज्याला हे दोन दिवस काढता येतात त्याला फरक पडत नाही. ज्याला रक्त याच तासाला हवे आहे त्याचे काय, हा प्रश्न मात्र पुढे चाळीस वर्षे धुमसत राहिला.

आता तो एकवीसचा आकडा. तो कसा ठरला? रक्त दिल्यावर चोवीस तासांनी त्यातल्या किती पेशी शरीरात फिरत आहेत, हे मोजून. विनिफ्रेड ॲशबी या बाईंनी १९१९ मध्ये दिलेल्या पेशी वेगळ्या ओळखण्याची रीत काढली होती. १९५० नंतर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून हे काम सोपे झाले. ७० टक्के पेशी टिकाव्यात असा दंडक १९४० च्या दशकात आला; पुढे तो ७५ झाला. म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवसाची पिशवी दिली तर तिच्यातल्या पाव भाग पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत नष्ट झाल्या तरी कायद्याने ते रक्त उत्तम. शिवाय ही मोजणी निरोगी स्वयंसेवकांना त्यांचेच रक्त परत देऊन केलेली. आजारी माणूस बरा झाला का, हे या दंडकात कुठेच विचारलेले नाही. नोकरीत असताना मी हा आकडा वेदवाक्य मानत होते. त्याचा इतिहास वाचल्यावर तो पेढीच्या सोयीचा आकडा आहे असे माझे मत झाले. वाईट नव्हे, पण सोयीचा.

पुढची वाटचाल ही सोय वाढवण्याचीच. कार्ल वॉल्टर यांनी १९५० च्या सुमारास बोस्टनमध्ये प्लास्टिकची पिशवी आणली. ते प्लास्टिक मऊ राहावे म्हणून घातलेला पदार्थ रक्तात झिरपतो असे १९७० च्या सुमारास उघड झाले आणि काळजी सुरू झाली. नंतर कळले की तोच पदार्थ पेशींच्या भिंतीत शिरून त्यांना फुटण्यापासून वाचवतो. नको असलेला पाहुणा घर सावरतो, तसा प्रकार! त्याला काढून टाकायचे प्रयत्न अजून चालूच आहेत. आम्लाचे प्रमाण कमी करून फॉस्फेट घातले. मग एटीपीचा कच्चा माल म्हणून ॲडेनिन घातले, आणि १९७९ मध्ये अमेरिकेत ३५ दिवसांची परवानगी मिळाली. स्वीडनमध्ये उप्सालाच्या क्लास होगमन यांनी १९७८ च्या सुमारास रक्तद्रव काढून घेतलेल्या पेशींना मीठ, ॲडेनिन आणि ग्लुकोजचे पाणी दिले. पुढे त्यात मॅनिटॉल मिळवले आणि मुदत ४२ दिवसांवर गेली. आज आपल्या गावातल्या पिशव्यांवर ३५ आणि ४२ हेच दोन आकडे दिसतात.

आपल्याकडे ही सारी विद्या कलकत्त्याच्या वाटेने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसच्या व्यवस्थेतून आली. मराठी माणसाने या क्षेत्रात घातलेली मोठी भर म्हणजे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलेला 'बॉम्बे' रक्तगट. त्या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. साठवणीशी त्याचा संबंध असा की इतका विरळा दाता आज रक्त देऊन गेला आणि पस्तीस दिवसांत रुग्ण आला नाही, तर ती ठेव वाया जाते. म्हणून अशांचे नाव-पत्ते जपायचे, आणि बोलावणे आले की धावायचे.

'ताजे' या शब्दाचा आपल्याकडे एक काळा अध्यायही आहे. रुग्णालयाच्या ओसरीवर पैसे घेऊन रक्त देणारे बसलेले असत. नातेवाइकांना ते पसंत पडत, कारण रक्त डोळ्यांसमोर निघे. महिन्यातून अनेकदा विकलेले ते पाणचट रक्त असे, आणि त्यातून कावीळ आणि पुढे एचआयव्ही पसरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. हेही सांगते की सिफिलिसचा जंतू थंडीत काही दिवसांतच मरतो. त्या बाबतीत फ्रिजमधले चार दिवसांचे 'शिळे' रक्त गरम रक्तापेक्षा सोवळे.

काकांच्या प्रश्नाला विज्ञानाने समोरासमोर हात घातला तो माझ्या निवृत्तीच्या सुमारास. २००८ मध्ये क्लीव्हलंडमधल्या हृदयशस्त्रक्रियेच्या सहा हजार रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून एक निबंध आला: दोन आठवड्यांहून जुने रक्त मिळालेल्यांत मृत्यू आणि गुंतागुंत जास्त. जगभर खळबळ उडाली. पण जुन्या नोंदींत एक फसगत असते. जो जास्त आजारी त्याला जास्त पिशव्या लागतात, आणि जास्त पिशव्यांत एखादी जुनी असणारच. खरे कळायचे तर चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटले पाहिजेत. तसे केले गेले. २०१५ मध्ये 'एबल' नावाच्या चाचणीत अतिदक्षता विभागातले सुमारे २४०० रुग्ण होते. एका गटाला सरासरी ६ दिवसांचे, दुसऱ्याला २२ दिवसांचे रक्त. नव्वद दिवसांतले मृत्यू ताज्या गटात ३७ टक्के, जुन्या गटात ३५.३. पुढे वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या 'इन्फॉर्म' चाचणीतही फरक दिसला नाही. मला सर्वांत पटलेली चाचणी मात्र लहान आहे. युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात मलेरिया आणि सिकलसेलने रक्त आटलेली २९० मुले होती, ज्यांना प्राणवायू त्याच तासाला हवा होता. निम्म्यांना १० दिवसांच्या आतले, निम्म्यांना २५ ते ३५ दिवसांचे रक्त दिले. डीपीजी संपलेल्या रक्तानेही ती मुले तितक्याच वेगाने सावरली.

थॅलेसेमियाच्या मुलांना आजही दोन आठवड्यांच्या आतले रक्त द्यावे म्हणतात, कारण त्यांना आयुष्यभर पिशव्या लागतात आणि पेशी जितक्या जास्त टिकतील तितकी पुढची पिशवी लांबते. त्यात वाद नाही.

राहिला काकांच्या मागणीचा दुसरा अर्धा भाग: घरचे रक्त. या बाबतीत जपानचा अनुभव अंगावर काटा आणणारा आहे. तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुलगे, भाऊ, पुतणे ताजे रक्त देत असत. आठ-दहा दिवसांनी काही रुग्णांच्या अंगावर लाली उठे, ताप येई, रक्तातल्या पेशी नाहीशा होत आणि बहुतेक सगळे दगावत. १९८० च्या दशकात कारण स्पष्ट झाले. ताज्या रक्तात जिवंत पांढऱ्या पेशी असतात. परक्याच्या असल्या तर शरीर त्यांना ओळखून मारते. सख्ख्याच्या असल्या तर त्या आपल्याशा वाटून सुटतात, वाढतात आणि मग यजमानाच्याच शरीरावर उलटतात. फ्रिजमध्ये दिवस जातात तशा या पांढऱ्या पेशी मरत जातात. म्हणून आज नातेवाइकांचे रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणोत्सर्ग करतात. त्या संध्याकाळी खिडकीत उभी असताना यातले मला काही ठाऊक नव्हते. मी काकांना नकार दिला तो केवळ तपासण्या एका रात्रीत व्हायच्या नाहीत म्हणून.

काका रागावून गेले. पुतणे मात्र थांबले. काकूंना दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या लागल्या, एक नवव्या दिवसाची आणि एक अठराव्या. पुतण्यांचे रक्त आम्ही घेतले, तपासले आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. त्यातली एक बाटली तिसऱ्या आठवड्यात, मुदतीला दोन दिवस उरले असताना, रात्री अडीच वाजता खेड्यातून बैलगाडीने आणलेल्या एका बाळंतिणीला गेली.